फळ्यावरचं नाव

करी रोडला आमच्या चाळीच्या फाटकापाशी मंडळाचा काळा फळा आहे. सभेची सूचना, पाण्याची वेळ आणि कुणी गेलं तर त्याचं नाव त्यावर लिहितात. एरवी तो माझ्या मैत्रिणीचा असायचा. सकाळी ती खडूने चार ओळींची कविता लिहायची आणि येणाऱ्या-जाणाऱ्याने त्यातला कुठलाही एकच शब्द पुसायचा, हा तिचा नियम. संध्याकाळी उरेल ती कविता. पुस्तक काढ म्हटलं की हसायची. मला त्यातलं निम्मं कळायचं नाही, पण पुसायला मजा यायची.

चाळीत ती मुलगा म्हणून जन्मली होती. साडी नेसू लागली तेव्हा बापाने घराबाहेर काढलं. तो गेल्यावरच ती आईकडे परतली. तिच्यासारख्यांना नव्या नावाची कागदपत्रं मिळवून देण्यात तिचं आयुष्य गेलं. कचेरीत कारकुनांशी अशी भांडायची की सोबत जायची मला लाज वाटे.

आजारपणात तिने माझ्याकडे एकच गोष्ट मागितली.

"फळ्यावर नाव तू लिही. माझं, मी घेतलेलं."

मी लगेच हो म्हटलं. चाळीत अक्षर माझंच बरं, त्यात काय अवघड?

ती गेली त्या सकाळी तिची आई माझ्याबरोबर फळ्यापर्यंत आली. ऐंशीची बाई, रडतही नव्हती. जुनं नाव सांगून म्हणाली, "बाय, लोकांका कळाक व्हया मां, कोण गेला ता."

मी लिहिलं. जुनं नाव, बापाचं नाव, आडनाव. दुसऱ्यांच्या भेकडपणावर मी आयुष्यभर तोंड सोडलं आणि माझी वेळ आली तेव्हा खडू मुकाट्याने चालवला.

तासाभराने तिच्या संघटनेतल्या बायका दादरहून आल्या. त्या पूर्वी कधी घरी आल्या नव्हत्या. फळा वाचून त्यांना वाटलं, इथे दुसरंच कुणी गेलंय. शेजारच्या दोन चाळी शोधून झाल्यावर त्यांनी मला फोन केला. मी खाली गेले. फळ्याकडे बोट दाखवून सगळं सांगितलं. त्यांच्यातल्या एकीला कवितेचा नियम माहीत होता. तळहाताने तिने पहिला शब्द पुसला आणि खडू माझ्यापुढे धरला.

वर गॅलरीत आई कठड्याला धरून उभी होती. मी खडू घेतला नाही.

दहाव्यापर्यंत फळा तसाच राहिला. ज्याने तिला घराबाहेर काढलं, त्या बापाचं नाव आणि आडनाव, एवढंच त्यावर होतं.