चहापाणी झालं का?

“चहापाणी झालं का?” दारातून आधी हा प्रश्न आत यायचा, मग पोट, मग ते स्वतः. तुमच्याही गल्लीत असा एक असेल.

देवासचे आमचे हे शेजारी कारखान्यातून निवृत्त झालेले. गणेशोत्सवाच्या नाटकात दर वर्षी विनोदी नोकर तेच. स्टेजवर येऊन एवढंच विचारायचे, की मंडप लोटपोट.

नायिका मी. तरुण होते तेव्हा, अवघी अठ्ठावन्नची! आनंद, दुःख, भीती, सगळ्याला माझा एकच अभिनय: पदर तोंडात.

एका वर्षी नाटक बसवणारी माझ्या सुनेच्या वयाची पोरगी म्हणाली, “काका, इस बार खूनी तुम्ही.” आम्ही फिदीफिदी हसलो. त्यांचा चेहरा उतरला. तालमीनंतर हळूच म्हणाले, “वैनी, लोक हसले ना, तर मी परत स्टेजवर नाही चढणार. एकदा तरी न हसता बघा ना मला.”

प्रयोगाच्या दिवशी ते टेकरीवरच्या देवीला नारळ वाढवून आले. स्टेजवर पाऊल टाकलं आणि पहिल्या रांगेतून आरोळी, “भिया, चहापाणी झालं का?” मंडप हसला. ते जागीच थांबले. कपाळावर घाम. मला वाटलं, गेलं नाटक.

मग त्यांनी सावकाश वळून दाराला कडी लावली. माझ्याकडे बघितलं आणि अगदी मायेनं विचारलं, “चहापाणी झालं का?”

हे वाक्य नाटकात नव्हतं. मंडप चिडीचूप. माझा पदर तोंडापर्यंत पोचलाच नाही. गळ्याशी त्यांचे हात आले तेव्हा मी किंचाळले, “अहो, मी शेजारची!” तरी कुणी हसलं नाही, बघा.

पडदा पडल्यावर डोळे भरून म्हणाले, “घाबरलात ना वैनी? सच्ची?”

घाबरले म्हणजे काय! पुढे कित्येक दिवस ते आले की मी दाराच्या फटीतूनच सांगायची, “झालं, झालं!” गल्लीतली पोरंही आयांच्या मागे लपायची. त्यांना स्वतःला आधी गंमत वाटली, मग वाटेनाशी झाली.

मागच्या वर्षी इंदूरला त्यांचं हृदयाचं ऑपरेशन ठरलं. मी भेटायला गेले, तर ते खाटेवर एवढेसे दिसले. माझा हात धरला. “चहापाणी झालं का, वैनी?”

मी त्यांची चादर सारखी करत राहिले.

“हसा ना. भीती वाटतेय हो.”

मी हसले. खदखदून, पदराशिवाय. खरं तर घाबरले मीही होते. पण त्यांना ते कळलं नाही. नर्सबाईसुद्धा हसली.

ते परत आले नाहीत.

आता तालमीत चहा येतो, मुकाट्यानं पितो आम्ही. घरी कडी लावताना मात्र मी अजून मागे वळून बघते. पूर्वी भीतीनं बघायची.