एकीकरणवाले चाचा

आमच्या या परदेशी जॉन्सनव्हिलमध्ये जिथे दोन माणसं भांडत असतील तिथे तिसरे आमचे चाचा असणारच, हे मी पैजेवर सांगतो. चाचा आमचे शेजारी. जन्म केपटाऊनचा, पण पणजोबा रत्नागिरीकडून बोटीने गेलेले, त्यामुळे चाचांचं मराठी अजून त्या बोटीतून उतरलेलं नाही. तिकडे वर्णभेद संपत आला तेव्हा गोऱ्यांचं आणि इतरांचं अशी क्रिकेटची दोन मंडळं एक करणाऱ्या समितीत ते होते. तेव्हापासून माणसाला एकीकरणाचं व्यसनच लागलं. आमच्या दिवाळीच्या जेवणात शाकाहारी आणि मांसाहारी टेबलं वेगळी दिसताच त्यांनी दोन्ही पक्षांना आपापलं टेबल उचलून मध्यापर्यंत आणायला लावलं. "एकानंच चालायचं नाय! दोघांनी चाला!" श्रीखंड सांडलं, पण तत्त्व राहिलं. पोरांच्या क्रिकेटमध्ये ज्याची बॅट त्याची पहिली बॅटिंग नाही, हाही त्यांचाच कायदा. माझी लेक "दॅट्स सो अनफेअर!" म्हणत रडली, तर गृहस्थ गवतावर मांडी घालून तिच्याशी वाटाघाटीला बसले.

म्हणून यंदा आमच्याकडचे डॉक्टरांचा आणि आयटीवाल्यांचा असे दोन संघ एक करायचं ठरलं, तेव्हा सभेचं अध्यक्षपद ओघानेच चाचांकडे आलं. मैदानाचं बुकिंग आणि किट डॉक्टरांकडे. त्यांचा कॅप्टन म्हणाला, "तुम्ही आमच्यात या. नाव आमचंच राहू दे, उपाध्यक्षपद तुम्हाला." आयटीवाल्यांनी माना डोलावल्या. आम्ही टाळ्याही वाजवल्या. चाचा मात्र उभे राहिले.

"केपटाऊनला असाच झाला होता," ते म्हणाले. "नाव गोऱ्यांचं, ऑफिस गोऱ्यांचं. मना उपाध्यक्ष केलं, ब्लेझर दिला. मी सही केली. आमचा म्हातारा कॅप्टन हयातभर खडकाळ मैदानावर खेळला, पण सगळ्यांना घेत नाहीत तोवर त्यांच्यात गेला नाय. तो विचारायला आला, आपल्या क्लबाचं काय? मी म्हटलं, बघू. क्लब बुडाला. मग तोही गेला. त्याचा जनाजा निघाला तेव्हा मी स्टेडियमात पाहुण्यांत बसलो होतो. ब्लेझर घालून."

माझ्या टाळ्या वाजवलेल्या हातांचं काय करावं, मला कळेना. शेवटी डॉक्टरांच्या कॅप्टननेच हळू आवाजात नवं नाव शोधायचा विषय काढला.

हल्ली सामना असला की चाचा वाऱ्यात टोपी धरून सीमारेषेपाशी उभे असतात. परवा मी म्हटलं, "चाचा, एकदा केपटाऊनला जाऊन या ना. त्या कॅप्टनच्या घरचं कोणी असेल."

"बायको आहे त्याची," ते म्हणाले. "दर ईदेला फोन करते. माझी तब्येत विचारते, पोरांचं विचारते. त्या दिवशी तू खंय होतास, एवढं मात्र अजून विचारलं नाय तिनं."