शकूरभाईंची सालबिया

नांदूरघाटला बहिणीकडे गेलो होतो. दुपारचं जेवण आटोपून हात धुतोय, तोच शाहीनचा फोन आला. शाहीन ही माझे शेजारी शकूरभाई यांची सून आणि एके काळची माझी विद्यार्थिनी. "सर, अब्बा गेले," म्हणाली, आणि मी काही बोलायच्या आत, "घाई करू नका. नीट या." केजला एस.टी. बदलून परळीला पोचेपर्यंत दफन होऊन गेलं होतं. ओट्यावर बसलेल्या मंडळींनी माझ्यासाठी खुर्ची रिकामी केली. मी बसलो नाही. आमच्या दोन घरांच्या मधल्या बोळात गेलो, तिथली एक कुंडी बघितली आणि मग येऊन बसलो. लोकांना ते विचित्र वाटलं असेल. पण त्या कुंडीचं देणं माझ्याकडे होतं, आणि ते फेडायला समोरचा माणूसच उरला नव्हता.

शकूरभाई स्कूटर-मेकॅनिक. गावातल्या निम्म्या स्कूटरी त्यांना आवाजावरून ओळखू यायच्या. हात कापायला लागले तेव्हा त्यांनी गॅरेज मुलाच्या हवाली केलं आणि घरी बसले. रिकामा मेकॅनिक शेजाऱ्याला भारी पडतो. माझा चांगला चालणारा रेडिओ त्यांनी तीनदा उघडला. एकदा स्टेशनाच्या रस्त्यावर रोपांचा हातगाडा दिसला. लालभडक तुऱ्यांची रोपं होती. "काय नाव बे ह्याचं?" त्यांनी विचारलं. गाडेवाला साल्व्हिया म्हणाला असणार. शेजारून ट्रक चालला होता, आणि शकूरभाईंनी ऐकलं 'सालबिया'. घरी येऊन मला म्हणाले, "नावातच समदं सांगितलंय मास्तर. साल झालं की बिया घ्यायच्या, झाड काढायचं, नवं पेरायचं." मी वर्तमानपत्रातून मानही वर केली नव्हती.

पुढं सात वर्षं हेच चाललं. ऑइलचे डबे मधून कापून, सोड्याच्या पाण्यात उकळून त्यांच्या कुंड्या केल्या. नऊ. नऊपेक्षा जास्त ओट्यावर मावत नव्हत्या. परळीत औष्णिक वीज केंद्राची राख पडतेच. पहिल्या वर्षी त्यांनी पिवळ्या फडक्यानं, स्कूटर पुसतात तशी, पानं पुसली, आणि मऊ पानांवर ओरखडे उठले. मग बाटलीच्या झाकणाला भोकं पाडून रोज सकाळी प्रत्येक रोपाला अंघोळ सुरू झाली. रोपाला पानांच्या तीन जोड्या आल्या की शेंडा खुडायचे. मला ते बघवत नसे. "वाढतंय ते कावून तोडता?" तर म्हणायचे, "वरून थांबवलं की बाजूनं फुटतंय. एका तुऱ्याचे सहा होत्यात." आणि व्हायचेही. फाल्गुनात बी झटकून झालं की एके सकाळी नऊही झाडं उपटायचे. त्या दिवशी ते फारसे बोलत नसत, एवढं मला आठवतं.

गेल्या माघात माझी नात आली होती. तिनं माझ्या फोनवर त्या फुलाचा फोटो काढला आणि फोननं नाव सांगितलं. जित्याची खोड म्हणतात ना, तसं माझं झालं. चूक दिसली की लाल शाई घेतल्याशिवाय मला राहवत नाही. तडक त्यांच्या ओट्यावर गेलो. साल्व्हिया म्हणतात, साल आणि बियांचा काही संबंध नाही, छाटून सावलीत ठेवलं तर हे झाड पुढच्या वर्षीही जगतं, असं सगळं वाचून दाखवलं. शकूरभाई म्हणाले, "म्हंजे मी जिवंत झाडं उपटली? सात साल?" मला वाटलं होतं हसतील. त्यांचा चेहरा बघून मी फोन खिशात घातला, पण बोललेलं थोडंच खिशात जातं.

दुसऱ्या दिवसापासून वाळता तुरा दिसला की ते कापून टाकायला लागले. बी धरू दिलं नाही तर झाडाची ताकद वाचते, हेही मीच वाचून दाखवलं होतं. त्या साली त्यांनी एकही बी घेतलं नाही. जुनं बी ते कधी ठेवत नसत. होतं ते पेरून मोकळे व्हायचे. झाडं वीतभर छाटली, कुंड्या बोळातल्या सावलीत आणल्या, भोवती ओलं गोणपाट लावलं. त्याच उन्हाळ्यात त्यांची मूत्रपिंडं थकली. दवाखान्याच्या फेऱ्या सुरू झाल्या आणि कुंड्या माझ्याकडे आल्या. वैशाखात एक गेली, मग तीन, मग चार. रोज सकाळी मी नखानं खोडाची साल खरवडायचो, खाली हिरवं दिसतंय का म्हणून. शेवटी एकाच कुंडीत दिसलं. माझी झोप उडाली. त्यांच्या पद्धतीनं नऊची नऊ टिकत होती. माझ्या बरोबर माहितीनं वंश बुडायची वेळ आणली होती.

श्रावणात त्यांच्या खाटेशी बसून मी ते बोलून टाकलं. आठ गेल्या, एक जेमतेम फुटलीय, बीही नाही. मी सांगायला नको होतं, शकूरभाई. त्यांनी डोळे मिटूनच ऐकलं. "मास्तर," म्हणाले, "उपटायच्या दिवशी मी जेवत नव्हतो. शाहीनला इचारा. रोजा हाय म्हणून सांगायचो. ह्या साली जेवलो." मग म्हणाले, "लई बरं वाटलं बघा." चार दिवसांनी मी नांदूरघाटला गेलो, आणि पुढचं वर सांगितलंच आहे.

मला शकूरभाईंची फार आठवण येते. रेडिओ बिघडलाय आणि मी तो दुरुस्तीला टाकलेला नाही. सकाळी बाटली घेऊन बोळात जातो, पानांवरची राख धुतो. दसऱ्याच्या सुमारास त्या झाडाला पाच तुरे आले, ओट्यावरच्या पूर्वीच्या तुऱ्यांइतके भरगच्च नाहीत, पण लाल. आता ते वाळू लागलेत. कात्री घेऊन दोन दिवस उभा राहिलो. कापले तर झाड जोमानं जगेल. ठेवले तर म्हातारं खोड बी पोसता पोसता दमेल, कदाचित जाईलही. बरोबर काय ते मला तोंडपाठ आहे. तरी कात्री घरात ठेवून आलो आणि पाचही तुऱ्यांवर मलमलीच्या पिशव्या बांधल्या, बी सांडू नये म्हणून. शाहीन दारातून बघत होती. आज सकाळी गेलो तर आठही रिकाम्या कुंड्या बोळातून पुन्हा ओट्यावर आल्या होत्या, आणि त्यांतली माती उकरून, भिजवून ठेवलेली होती.