खिसेवाले सर

चालू रेडिओच्या पोटात हात घालताना आमचे सर डावा हात पँटच्या खिशात ठेवत. दोन्ही हात आत असले तर करंटला छातीतून जायला वाट मिळते, म्हणून. पुढे त्याची सवयच झाली. फळ्यावर लिहिताना, सीताबर्डीच्या बाजारात कोणाशी बोलत उभे असतानाही तो हात खिशातच असायचा. आम्ही त्यांना खिसेवाले सर म्हणायचो, आणि हे त्यांना ठाऊक होतं.

सत्तरच्या दशकात नागपुरातल्या एका खासगी संस्थेत ते रेडिओ दुरुस्ती शिकवत. रोज खाप्याहून एसटीने येत. पहिले पंधरा दिवस त्यांनी आम्हाला पेचकसही धरू दिला नाही. "आधी बंद कराचं शिका. चालू तर कोणीही करते," म्हणायचे. बंद केलेला सेटसुद्धा पाच मिनिटं जिवंत समजायचा, हा त्यांचा नियम. ती पाच मिनिटं आम्हाला फार जड जात.

विनोदला मात्र जात नसत. तो माझा मित्र. तारा जोडताना त्याने दिलेला कथिलाचा डाग इतका सुबक असायचा, की सर तो सेट वर्गभर फिरवत आणि म्हणत, "हा हात सांभाळ गा."

एका दुपारी सरांना कार्यालयातून बोलावणं आलं. जाताना त्यांनी नेहमीप्रमाणे मेन स्विच खाली ओढून वर्गाची वीज बंद केली. "मी येतपर्यंत याले कोणी हात लावाचा नाही."

माझा सेट नुकताच बोलायला लागला होता. मला धीर निघेना. सगळे माना खाली घालून कामात होते. मी हळूच उठलो आणि मेन वर केला. मागच्या टेबलावर विनोदचा हात सेटच्या आत होता. तो ओरडलासुद्धा नाही, स्टुलासकट मागे पडला. मी स्विच पुन्हा खाली ओढला. सर धावत आले तेव्हा स्विच खालीच होता.

विनोद वाचला. उजव्या हाताची दोन बोटं मात्र भाजून कायमची आखडली.

संस्थेच्या सचिवांनी वर्गात येऊन विचारलं, स्विच कोणी लावला? आम्ही गप्प. सरांनी एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं. माझ्याकडे जरा जास्त वेळ. मग सचिवांना म्हणाले, "वर्ग माहा होता. स्विच उघडा टाकून मी गेलो. चूक माही." स्विचच्या पेटीला कुलूप मिळावं म्हणून त्यांनी दोनदा अर्ज केला होता. त्याबद्दल ते अवाक्षर बोलले नाहीत. त्याच महिन्यात त्यांची नोकरी गेली.

मी शिकून दुकान काढलं. दुकानात टीव्ही दुरुस्तीला येऊ लागले, तेव्हा कुठे मला खाप्याला जायचं धाडस झालं. सर बरेच थकले होते. मी सगळं सांगितलं.

"मले माहीत होतं," ते म्हणाले. "तू येशील म्हणून वर्षभर वाट पाहिली. मंग सोडून देल्ली." मग त्यांनी विचारलं, "विनोदले सांगितलं काय?"

"नाही, सर."

"मंग माह्याकडं काहून आला? बोटं त्याची गेली."

दुसऱ्या दिवशी मी हिंगण्याला गेलो. विनोद तिथल्या एका कारखान्यात गोदामावर होता. शिफ्ट सुटल्यावर फाटकाबाहेर गाठून मी त्याला सांगितलं. कंपनीची बस भरत आली होती, तरी तो हलला नाही.

"इतकी वर्षं मी सरांले शिव्या देऊन राहिलो," तो म्हणाला. "दवाखान्यात भेटाले आले होते, तर मी तोंड फिरवलं."

"रविवारी आपण दोघं खाप्याले जाऊ," मी म्हणालो.

"मी जाईन," विनोद म्हणाला. "तू येऊ नको."

तो बसमध्ये चढला. खिडकीशी बसला, पण माझ्याकडे त्याने पाहिलं नाही.