न हलणारा बाण

बायको गेल्यावर तिचा लॅपटॉप मी बरेच दिवस उघडला नाही. तेराव्याला तिच्या वापरातल्या वस्तू नात्यातल्यांना देऊन झाल्या, पाहुणे परतले, आणि तो तेवढा टेबलावर राहिला. ती कनिष्ठ महाविद्यालयात संगणक शिकवायची. मी ग्रंथपाल होतो. लॅपटॉपवर तिने विंडोजऐवजी लिनक्स घेतलं होतं, कारण ते कुणा एकाचं नाही, जो तो त्यात आपली भर घालू शकतो. तिची भर म्हणजे मराठी शब्द. पडद्यावरचे इंग्रजी शब्द ती एकेक करून मराठीत आणायची आणि चहाच्या वेळी मला विचारायची, "‘जतन करा’ बरं, की ‘साठवा’?" मी विचार करून उत्तर देईपर्यंत तिचं ठरलेलं असायचं. बरेच शब्द तिने लिनक्सच्या लोकांकडे अजून पाठवलेही नव्हते. ते फक्त त्या पडद्यावर होते.

ते बघावेत म्हणून एका सकाळी लॅपटॉप उघडला. तिचे शब्द आले, मधोमध बाण आला. मी टचपॅडवर बोट फिरवलं. बाण हलला नाही.

मोबाइलवर शोधलं. एके ठिकाणी सल्ला होता, आधी यंत्राला काय काय दिसतंय ते विचारा. त्यासाठीची आज्ञा मी अक्षर न् अक्षर ताडून टंकली. यादी आली. तीत कळफलक होता, कॅमेरा होता, चालू-बंद करायचं बटण होतं. एक माऊसही होता. टचपॅड नव्हता.

मी टेबलावर पाहिलं. माऊस कुठेच नव्हता, आणि टचपॅड तर माझ्या बोटाखाली होता. यादी पुन्हा मागवली. पुन्हा तीच आली. यंत्र टचपॅडलाच माऊस म्हणत असेल का? मग बाण हलत का नाही? सगळी नोकरी याद्या वाचण्यात गेली होती, आणि या एवढ्याशा यादीचा अर्थ मला लागत नव्हता.

दुपारी लॅपटॉप घेऊन नवी पेठेतल्या एका दुरुस्तीच्या दुकानात गेलो.

"सर, हे लिनक्स कुणी टाकून दिलं तुम्हाला?" दुकानदाराने विचारलं.

"बायकोनं."

"मॅडमना म्हणावं, साधं काहीतरी वापरा की."

त्याने स्वतःचा माऊस जोडला. बाण हलला. पण तो शब्दावर नेऊन बटण दाबलं की भलतंच काही उघडायचं.

"बघा, उलटं चाललंय. डावं दाबलं की उजव्याचं काम करतंय. टचपॅड ओळखत नाही, माऊस उलटा. सिस्टिमच बिघडलीय. पुसून नवीन टाकतो, उद्या घेऊन जावा."

"पुसलं की आतलं सगळं जाईल?"

"फाइली काढून ठेवतो की. फोटो असतील, काय असेल ते."

"आणि हे शब्द?"

"कुठले शब्द?"

मी पडद्याकडे बोट केलं. तो वाकून वाचू लागला. "हे होय? नवीन टाकल्यावर इंग्रजीत येईल. तेच सोपं पडतं, सर."

उद्या सांगतो म्हणालो आणि लॅपटॉप परत आणला. त्याचं म्हणणं पटल्यासारखं वाटत होतं. दोन गोष्टी बिघडलेल्या मी स्वतः पाहिल्या होत्या.

संध्याकाळी वळसंगहून मेहुणीचा फोन आला. बहीण गेल्यापासून ती रोज करते.

"दाजी, जेवला का?"

"अजून नाही."

"जेवा वेळंवर. बरं, अक्काची पर्स मी आणली न्हाय का, तिच्या पुढच्या कप्प्यात कंप्युटरचा माऊस घावला. तुमी हुडकत असाल म्हटलं."

मी लॅपटॉप फिरवून पाहिला. कडेला नखाएवढा काळा तुकडा खोचलेला होता, त्या बिनवायरच्या माऊसशी जोडणी ठेवणारा. यंत्राला माऊस म्हणून तोच दिसत होता. मी तिला दुकानातली हकिकत सांगितली.

"पुसू नगा काई," ती म्हणाली. "उलटं कशाचं? तिनंच फिरवलं आसल बटनांचं. डावरी हुती की ती."

"डावरी?"

"आता बगा. इतकी वर्षं संसार केला आन् ठावं न्हाय? आईनं मारून मारून उजव्या हातावर आणलं तिला. जेवताना, लिव्हताना, परसाद घेताना उजवा. चारचौघांत डावा काडला न्हाय कदी. पर हितं रानात आली की खुरपं डाव्याच हातात."

"आणि टचपॅड?"

"त्यो चौकोन व्हय? त्यो तिनंच बंद केलाय. मागं हितं आली तवा माऊस घरी इसरली आन् तोंड पाडून बसली. मी म्हटलं, चौकोन हाय की. तर म्हणे, टाइप करताना तळहात लागतुया, मीच बंद करून टाकलाय."

फोन ठेवला. त्या चौकोनावर फिरणारं तिचं बोट मला स्पष्ट आठवत होतं. पण मी कायम टेबलाच्या अलीकडे, तिच्या समोर बसायचो. मला दिसायचं ते लॅपटॉपचं झाकण आणि वर तिचा चेहरा; हात झाकणाआड असायचे. मग ते बोट मी कुठून पाहिलं?

लॅपटॉप बंद करून चालू केला आणि सुरू होतानाच कळ दाबून यंत्राच्या मूळ सेटिंग्जच्या निळ्या पानावर गेलो. तिथे टचपॅडपुढे ‘बंद’ अशा अर्थाचा इंग्रजी शब्द होता. तो बदलायला एक कळ पुरली असती. कळीवर बोट ठेवलं, आणि काही न बदलता बाहेर आलो. दुकानदाराला पुसायचं नाही म्हणून कळवलं. तो म्हणाला, "तुमची मर्जी, सर."

रविवारी मेहुणी एसटीने आली. माऊस तिने रुमालात बांधून आणला होता. मी तो लॅपटॉपच्या डाव्या बाजूला ठेवला आणि डाव्या हातात धरला. बाण हलला, पण न्यायचा एकीकडे आणि जायचा दुसरीकडे. ‘जतन करा’वर थांबवायला गेलो तर तो पुढच्या शब्दावर जाऊन बसला.

मेहुणी मागे उभी राहून बघत होती.

"दाजी, उजव्या हातानं धरा की. कोन बघतंय?"

"असू दे," मी म्हणालो आणि बाण परत आणू लागलो.