काढायची नाही ती कळी

आमच्या मोठ्या जाऊबाई, प्रेमलताताई, हट्टी आहेत हे मला लग्न होऊन आले त्या आठवड्यातच कळलं होतं. पण तो हट्ट विमानात एक झाड साडीत गुंडाळून मांडीवर घेऊन बसण्यापर्यंत जाईल असं वाटलं नव्हतं. शेजारच्या सीटवर मीच होते. हवाईसुंदरीने कुंडी वर ठेवायला मागितली, तर ताई म्हणाल्या, "बाळाला वर ठेवता का तुम्ही?" मी खिडकीबाहेर बघत राहिले.

आमची वसईजवळ वटारला वाडी आहे. नारळ आहेत, राजेळी केळी आहेत, पण घर चालत आलं ते मोगऱ्यावर आणि जास्वंदीवर. लोक त्याला फुलांचा धंदा म्हणतात. खरं म्हणजे तो कळ्यांचा धंदा. मोगऱ्याची कळी टपोरी झाली की उजाडायच्या आत खुडायची, ओल्या केळीच्या पानात बांधायची आणि दादरच्या टोपलीत घालायची. तिने फुलायचं ते दुसऱ्याच्या गजऱ्यात नाहीतर दुसऱ्याच्या देवापुढे. झाडावर उमललेलं फूल बाजारात कुणी हातात धरत नाही. आमच्या सासूबाईंचं तर वाक्यच होतं, "फुललं की फुकट गेलं." वाडीत एखादं फूल उमललेलं दिसलं तर खुडणाऱ्याची काही धडगत नसे.

ताईंच्या माहेरी नोकरदार माणसं. दारात एकच मोगरा, तोही हौसेचा. लग्नानंतर पहिल्याच उन्हाळ्यात त्यांनी पडवीजवळच्या रोपावरच्या चार कळ्या मुद्दाम ठेवल्या, संध्याकाळी वास येईल म्हणून. सासूबाईंनी त्या काढल्याच, वर सगळ्या खुडणाऱ्या बायकांसमोर सुनेला वाक्यही ऐकवलं. ताईंनी दुसऱ्या दिवशी खुडायची टोपली उचलली. पुढे खुडण्यात त्या इतक्या तरबेज झाल्या, की सासूबाई त्यांच्याशिवाय दुसऱ्या कुणाच्या हाताला चांगलं म्हणत नसत. उद्या फुटणारी कळी आणि परवा फुटणारी कळी त्यांची बोटं न बघता ओळखत. पण त्या चार कळ्या त्या विसरल्या नव्हत्या. हे मला सिक्कीममध्ये कळलं.

तीन वर्षांपूर्वी बायका-बायकांची सहल गेली होती, तीत आम्ही दोघीही होतो. गंगटोकजवळ एका घरात उतरलो, तिथे बैठकीच्या कोपऱ्यात एका कुंडीत ऑर्किड होतं. लांब पात्यांसारखी पानं आणि मधून निघालेल्या दांड्यावर पिवळट हिरवी फुलं, आत लालसर ठिपके. बाकीच्या बायकांनी फोटो काढले. ताईंनी घरमालकिणीला विचारलं, "ये कब खिला?"

"एक महीना हुआ."

"झूठ," ताई सरळ म्हणाल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

ती बाई हसली. अजून महिनाभर राहील म्हणाली. आम्ही तिथे होतो तोवर ताई रोज सकाळी चहाच्या आधी त्या कुंडीपाशी जाऊन येत, आणि रोज परत येऊन मला सांगत, "आहे गं अजून." शेवटच्या दिवशी म्हणाल्या, "मेघना, माझ्या घरात माझं एक फूल उमललेलं मला बघायचंय. सबंध. कुणी न काढता." इतक्या वर्षांत त्यांनी स्वतःसाठी मागितलेली ही पहिली गोष्ट असावी, आणि तीही त्यांनी कुणाकडे मागितली नाही, मला नुसती कळवली. मग घरमालकिणीकडून त्याच जातीची, पण दांडा न आलेली एक कुंडी विमानातून आमच्याबरोबर आली.

वटारच्या हवेत काठी रोवली तरी तिला पालवी फुटते. या बाईसाहेबांनाही पालवी फुटली. नुसतीच पालवी. पाऊस गेला, नाताळ आला, पानं हातभर वाढली, दांड्याचा पत्ता नाही. शरदचंद्र भाऊजी, म्हणजे ताईंचे यजमान, जाता-येता विचारत, "काय म्हणते तुझी कांद्याची पात?"

ताईंनी गंगटोकच्या बाईला व्हिडिओ कॉल लावला. दोघींचं हिंदी बेताचं, पण झाडांचं बोलायला तेवढं पुरलं. पावसाळा संपला की दिवसा याला भरपूर उजेड हवा आणि रात्री चांगली थंडी, तशा थंड रात्री महिना-दोन महिने मिळाल्याशिवाय हे दांडा काढत नाही, असं ती म्हणाली. आता वसईत थंडी म्हणजे काय, तर पंखा एकने कमी करायचा. ताईंनी एसीचं नाव काढलं, तशी भाऊजी म्हणाले, "आम्ही पंख्याखाली आणि झाड एसीत? उद्या त्याला स्वेटर विणशील."

ताईंनी एसीचा विषय सोडला आणि भुईगावच्या स्टॅनीला गाठलं. त्याने कोल्ड्रिंकचं दुकान बंद केलं होतं, आणि काचेच्या दाराचा बाटल्या ठेवायचा उंच फ्रीज त्याच्या ओट्यावर तसाच पडून होता.

"प्रेमलताबाय, यात काय ठेवणार? भाजी?"

"झाड."

स्टॅनीने माझ्याकडे बघितलं. मी बँकेत नोकरी करते, म्हणून माझ्या तोंडून काहीतरी शहाणपणाचं येईल अशी त्याची अपेक्षा असावी. मी आभाळाकडे बघितलं.

"कंप्रेसर चांगला आहे," तो म्हणाला, "बाकी देव बघून घेईल."

फ्रीज आमच्या स्वयंपाकघरापलीकडच्या खोलीत आला. मधल्या जाळ्या काढल्या, थंडी अगदी कमीवर आणली, आत तापमान दाखवणारं एक छोटं यंत्र लटकवलं. पाऊस ओसरल्यापासून ताईंचा नेम सुरू झाला. सकाळी कुंडी उचलून उजेडाच्या पडवीत ठेवायची, दिवे लागले की उचलून फ्रीजमध्ये. कुंडी काही हलकी नव्हती आणि ताईंची कंबर काही तरुण नव्हती. पण एकदाही त्यांनी कुणाला हात लावू दिला नाही. पाहुणे आले, ताप आला, घरात लग्न निघालं, तरी कुंडी वेळेवर झोपायला जायची. आमचे हे त्या झाडाला सिक्कीमकरीण म्हणायला लागले.

आणि दिवाळीनंतर सिक्कीमकरणीने दांडा काढला! ताई मला बँकेत फोन करून म्हणाल्या, "आलाय." मला आधी वाटलं, कुणी पाहुणा. दांड्यावर कळ्या धरल्या, मोठ्या व्हायला लागल्या. मग एका सकाळी पहिली कळी पिवळी पडली. चार दिवसांत सगळ्या पिवळ्या होऊन खाली. झाडाला ना कीड, ना बुरशी. भाऊजींनीसुद्धा त्या दिवशी कांद्याच्या पातीचं नाव काढलं नाही.

ताई जेवल्या नाहीत. संध्याकाळी फ्रीजच्या खोलीत नुसत्या बसून होत्या. मी चहा घेऊन गेले तर म्हणाल्या, "मेघना, वास आला?"

"केळ्यांचा?"

त्या खोलीत आमचे राजेळीचे घड पिकायला टांगलेले असतात. माझ्या लग्नाआधीपासून टांगलेले असतात, त्यामुळे तो वास आता आम्हाला येतच नाही.

"कच्च्यांत एक पिकलेलं ठेवलं की सगळा घड पिकतो ना?" ताई म्हणाल्या. "त्याच्या अंगातून काहीतरी सुटतं म्हणूनच ना? मग ते काय फक्त केळ्यांनाच लागतं? माझ्या कळ्या पिकून पडल्यात गं."

गंगटोकच्या बाईने फोनवर कपाळाला हात लावला. फळांच्या खोलीत ऑर्किड कुणी ठेवेल हे तिच्या स्वप्नातही आलं नव्हतं, म्हणून तिने सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी घरात रण माजलं. पिढ्यान्‌पिढ्या ज्या खोलीत केळी पिकली, ती खोली ताईंनी मागितली. भाऊजी म्हणाले, झाड बाहेर जाईल, केळी नाही. ताई म्हणाल्या, "ठीक आहे," आणि स्वतः शिडी लावून एकेक घड उतरवायला लागल्या. दुसरा घड उतरवताना शिडी हलली, तशी भाऊजींनी ती पकडली. मग उरलेले घड त्यांनीच मागच्या पडवीत नेले, तोंडाने बडबडत.

हे सगळं सांगितलं ते तिसऱ्या वर्षासाठी. या वर्षी दांडा आला तो जाडजूड, आणि पौषात त्यावर ओळीने कळ्या. खालच्या मोठ्या, शेंड्याकडच्या लहान. घरात पिकलेलं केळं आत आणायला बंदी. मी डब्यातलं केळं अंगणात उभी राहून खायची. खालच्या कळ्या फुगल्या, त्यांच्या पाकळ्यांची शीव दिसायला लागली. ताई म्हणाल्या, "उद्या." त्यांचं बोट या बाबतीत चुकत नाही.

त्या दिवशी जूचंद्रला त्यांच्या भाचीच्या नव्या फ्लॅटची वास्तुशांत होती. सकाळी कुंडी पडवीत ठेवून त्या गेल्या.

मी संध्याकाळी बँकेतून आले. सासूबाई पडवीत खुर्चीवर बसल्या होत्या. गुडघ्यांमुळे त्यांना वाडीत जायला जमत नाही आणि हात रिकामे राहिलेले त्यांना सोसत नाही. मांडीवर केळीच्या पानाची पुडी होती, ओली, केळीच्याच वाळक्या सोपटाच्या दोरीने नीट बांधलेली.

"मेघना, ही दादरच्या टोपलीत घाल," त्या म्हणाल्या. "प्रेमलता विसरून गेली बघ. उद्या फुटल्या असत्या."

मी कुंडीकडे बघितलं. दांडा मोकळा दिसत होता. सासूबाईंना बोलावं तर काय बोलावं? त्यांचा चेहरा कामाला आल्याच्या आनंदाने फुलला होता.

ताई आल्या, त्यांनी पुडी बघितली, सोडली, परत बांधली. "आई, कशाला काढल्यात?" एवढंच विचारलं.

"अगं, ठेवल्या असत्या तर फुकट गेल्या असत्या."

ताई मागच्या बाजूला विहिरीकडे गेल्या. मीही गेले. त्या पंपाच्या खोलीला टेकून रडत होत्या, आवाज न करता, पदर तोंडात धरून. त्यांना रडताना मी पहिल्यांदाच बघत होते आणि मलाही रडू आलं.

"उद्यापासून कुंडी माझ्या खोलीत ठेवू या," मी म्हटलं. "कुलूप लावते."

"कुणाला कुलूप?" त्यांनी तोंड पुसलं. "त्यांनी जन्मभर जे केलं तेच केलं. शेंड्याकडे बघितलंस का तू?"

नव्हतं बघितलं. शेंड्याला दोन कळ्या होत्या, बारीक, कच्च्या. खुडणारा खरा असेल तर कच्ची कळी काढत नाही, आणि आमच्या सासूबाई खऱ्या खुडणाऱ्या.

दिवे लागायच्या वेळी ताईंनी कुंडी उचलली, फ्रीजमध्ये ठेवली. सकाळी बाहेर काढली आणि सासूबाईंची खुर्ची मुद्दाम तिच्याजवळ ओढली. "आई, या दोन कळ्या तुमच्या स्वाधीन. काढायच्या नाहीत."

"फुटल्या तर?"

"फुटू द्यायच्या."

"मग?"

"मग बघायचं."

सासूबाईंना ते पटलं नाही. पण काम मिळालं होतं. त्या रोज राखणीला बसू लागल्या. एक कळी सुकली, तेव्हा त्या ताईंच्या आधी हळहळल्या. दुसरी फुगली. ती फुटायच्या आदल्या दिवशी मी बघत होते, सासूबाईंचा उजवा हात दोनदा तिच्याकडे गेला आणि दोनदा मांडीवर परत आला. नंतर त्यांनी तो हात पदराखाली घेतला.

फूल उमललं. ताई समोर पाटावर बसल्या, किती वेळ कोण जाणे. त्यांचा चेहरा बघून भाऊजी चप्पल न वाजवता वाडीत निघून गेले. दुसऱ्या दिवशी सासूबाई पडवीतून ओरडल्या, "प्रेमलता, अजून आहे गं!" तिसऱ्या दिवशीही. मग ती रोजची हाकच झाली, होळी गेली तरी.

शेवटी पाकळ्या मलूल झाल्या, कडा तपकिरी पडल्या. एका सकाळी भाऊजी म्हणाले, "आता तरी काढा ते, वाळलंय," आणि त्यांनी हात पुढे केला. सासूबाईंनी त्या हातावर चापट मारली, चांगली सणसणीत.

"हात लावू नको," त्या म्हणाल्या. "त्याचं त्याला पडू दे."

स्वयंपाकघराच्या दारात ताई उभ्या होत्या. पिठाचे हात तसेच घेऊन त्या बाहेर आल्या आणि सासूबाईंच्या खुर्चीजवळ खाली बसल्या.