लोहचुंबकाचं पाणी आणि अक्कांचा खडा

आठवीत शाळा सुटली आणि साताऱ्याकडून मी थेट मद्रासला येऊन पडलो, एका रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात. मैलापूरला तंजावरकडच्या एका मराठी घरानं आसरा दिला. घरच्या अक्का मला तंबी म्हणत, म्हणजे धाकटा भाऊ, आणि आपल्याआधी माझं पान वाढत. त्यांचं अन्न खाल्लंय, म्हणून हे लिहिताना हात अडखळतो. पण राग काही गेलेला नाही.

राग त्यांच्या यजमानांवर. सगळे त्यांना राव म्हणत. कचेरीतून निवृत्त झालेले, इंग्रजी मासिकं वाचणारे. तिथल्या विहिरीचं पाणी जड, बंबात पांढरं पुट चढायचं. लोहचुंबकाजवळ ठेवलेल्या पाण्याचं पुट धरत नाही, असं रावांनी कुठंसं वाचलं. मला सांगून दुकानातल्या मोडक्या लाउडस्पीकरचे दोन चुंबक आणवले आणि पितळी घागरीला टेकवून ठेवले. इथवर ठीक. पण अक्कांना मुतखड्याचा त्रास होता.

"पुट विरतं, तर खडा का नाही विरणार?" राव म्हणाले. झालं! डॉक्टरांचं औषध बंद, घागरीतलं पाणी सुरू. स्वतः मात्र साधंच पाणी प्यायचे. का, तर तुलनेला एक माणूस पाहिजे ना!

अक्कांची अडचण निराळीच. चुंबकांना सरस चिकटलेला होता, आणि सरस म्हणजे कातडं उकळून केलेला. सोवळ्यात तो कसा चालावा? पहाटे ओलेत्यानं त्या चुंबक पितळी चिमट्यानं बाजूला सारीत, घागर मोरीत उपडी करीत, घासत, ताजं पाणी भरून आपल्या पिण्यापुरतं तांब्यात काढून ठेवीत. मग चुंबक पुन्हा जागच्या जागी. विहिरीवरून एकदा मी हे पाहिलं.

"त्यांना सांगू नको हां, तंबी. हौस आहे त्यांची."

मध्ये काही दिवस कळ आली नाही. राव ओट्यावर बसून येईल त्याला ऐकवू लागले, "चुंबकाचा गुण!" मी आतल्या आत जळत होतो. बोललो तर डोक्यावरचं छप्पर जाणार.

एका सकाळी अक्का स्वयंपाकघरातच वेदनेनं वाकून खाली बसल्या. मी म्हटलं, "राव, एग्मोरच्या इस्पितळात नेऊ या."

"छे! चुंबक कमी पडतायत. दुकानातून आणखी दोन घेऊन ये."

मग मला राहवेना. "राव, त्या पाण्याला चुंबक लागतच नाही. अक्का रोज ते ओतून ताजं पितात."

आता हाकलणार, असं वाटलं. पण त्यांचा चेहरा चक्क उजळला. "अरे, म्हणजे प्रयोग झालाच नाही की! उद्यापासून नीट करू."

बायको पुढ्यात कळवळतेय आणि हा माणूस खूश!

अक्का भिंतीला धरून उठल्या. "उद्याचं उद्या. तंबी, रिक्षा बोलाव."

खडा इस्पितळात काढला. रावांनी तो डॉक्टरांकडून मागून आणला, पेल्यात पाणी घालून त्यात टाकला आणि बाजूला दोन्ही चुंबक लावले. रोज संध्याकाळी पेला उजेडात धरायचे.

"किंचित लहान झालाय, नाही रे?"

माझं पान वाढता वाढता अक्का थांबल्या. मी पेल्याकडे नीट पाहिलं.

"तेवढाच आहे," मी म्हटलं.

राव पेला फिरवून पुन्हा बघू लागले. अक्कांनी माझ्या भातावर तुपाची धार धरली, जरा जास्तच वेळ.